विश्वास कमी पडला म्हणजे नक्की किती?



मी मालवणकडचा ख्रिश्चन आहे हे पुण्यात एकदा कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. 'मग घरी काय, इंग्लिशमध्ये बोलता?' (नाही हो, मालवणीत. भांडणंसुद्धा मालवणीत.) 'ख्रिसमसला केक आणशील ना?' (आणीन, पण मागायचंच असेल तर नेवऱ्या आणि दोदोल मागा, केक काय कुठल्याही बेकरीत मिळतो.) आणि मग एखाद्या रात्री, डिप्लॉयमेंट अडकलेलं असताना, कोणीतरी हळूच तिसरा प्रश्न काढतं. 'तू हे सगळं खरंच मानतोस? म्हणजे ते पाण्यावर चालणं, मेलेला माणूस उठणं वगैरे?'

हे विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. इंजिनियर माणूस आहे, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवंय. व्हेरिएबल बुलियन आहे असं त्याने गृहीत धरलेलं असतं. त्याच्या डोक्यात विश्वास म्हणजे पुरावा नसताना एखादी गोष्ट खरी धरून चालणं. आणि जितकी अशक्य गोष्ट तुम्ही खरी धराल तितका तुमचा विश्वास मोठा. गंमत अशी की हीच व्याख्या चमत्काराच्या सभा घेणाऱ्या प्रचारकाचीही असते. एक हसतो आणि दुसरा 'हालेलुया' म्हणतो, एवढाच काय तो फरक. माझं भांडण पहिल्याशी फारसं नाहीच. दुसऱ्याशी आहे. का, ते सांगतो.

माझी एक मावशी मालवण तालुक्यातच असते. काही वर्षांपूर्वी काका कॅन्सरने गेले. दीड वर्ष आजारपण चाललं. गोव्याच्या फेऱ्या, किमो, उसनेपासने, गाडीवाल्याची उधारी, सगळं सगळं झालं. मावशीने आपल्या परीने देवाचंही काही बाकी ठेवलं नाही. नोव्हेना झाल्या, घरासमोरच्या खुरसाकडे रोज मेणबत्ती, संध्याकाळी न चुकता तेर्स, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला आंगवण. अशात बाहेरून आलेला एक प्रार्थना-गट घरी यायला लागला. गिटार, टाळ्या, डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना. 'बरे होतील' असं ते म्हणत नसत, 'बरे झालेच आहेत, आता फक्त आभार माना' असं म्हणत. काकांचं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं.

चार महिन्यांनी काका गेले. महिन्याच्या मिस्सानंतर त्या गटातला एक माणूस भेटायला आला. खळ्यात उभा राहून, आवाजात अगदी माया आणून म्हणाला, 'ताई, देवाने हात पुढे केला होता. तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला.'

मावशी भांडकुदळ म्हणून वाडीत प्रसिद्ध आहे. ती त्याला काहीच बोलली नाही. पण पुढचे कित्येक महिने रात्री फोनवर तिचं एकच असायचं, 'माझो विश्वास कमी पडलो म्हणान ते गेले काय रे?'

तर हा लेख त्या वाक्यावर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की 'तुमचा विश्वास कमी पडला' असं दुःखातल्या माणसाला सांगण्याचा परवाना ख्रिस्ती शिकवणुकीत कुणालाही दिलेला नाही. हे वाक्य क्रूर तर आहेच, पण ख्रिस्ती म्हणूनही ते चूक आहे.

आधी आपल्या धंद्याच्या भाषेत बघू. कमी पडला म्हणजे किती? एकक काय? किती असता तर पुरला असता? समजा एखाद्या टीमने असं सॉफ्टवेअर विकलं की चाललं तर आमची करामत आणि नाही चाललं तर युजर एरर, तिकीट क्लोज. अशा प्रॉडक्टचं टेस्टिंग कोणी करूच शकत नाही, कारण ते नापास होण्याची सोयच ठेवलेली नाही. क्लायंट दुसऱ्या दिवशी हाकलून देईल. पण दुःखात असलेला माणूस क्लायंट नसतो. तो आधीच स्वतःला दोष द्यायला कारण शोधत असतो. डॉक्टरकडे लवकर न्यायला हवं होतं का, त्या दिवशी मी घरी असतो तर... अशा माणसाच्या हातात आयतं कारण आणून ठेवायचं, आणि वर त्यावर देवाची सही आहे म्हणायचं!

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, त्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाल्यावर. चमत्काराने रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा केंद्राचा कायदा तर १९५४ चा आहे. दोन्ही हवेतच. पण खळ्यात उभं राहून मायेने बोललेलं एक वाक्य कुठल्या कलमात बसवणार? त्याचा बंदोबस्त आतूनच व्हायला पाहिजे. मावशीलाही लॉजिक नकोच होतं. 'ता सगळा ठीक आसा, पण बायबलात काय सांगलाहा?' हा तिचा प्रश्न. म्हणून मी, रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारा माणूस, बायबल घेऊन बसलो.

आणि पहिली गोष्ट सापडली ती ही की हे वाक्य बायबलमध्ये खरोखरच आहे. जुन्या करारात ईयोब नावाचं पुस्तक आहे. ईयोब सज्जन माणूस. त्याची मुलं जातात, गुरंढोरं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याशेजारी नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. (इथेच थांबले असते तर किती बरं झालं असतं.) मग बोलायला लागतात आणि पानंच्या पानं एकच सांगतात, की तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच असं करत नाही. ईयोब मात्र देवाशी कडाकडा भांडतो, जाब विचारतो. पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो, आणि भांडणाऱ्या ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे नापास, आणि देवाशी हुज्जत घालणारा पास.

नव्या करारातही तेच. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तो म्हणतो, दोघांचंही नाही. पौल तर चर्चचा केवढा मोठा माणूस. त्याच्या शरीरात काहीतरी काट्यासारखं सलत होतं. ते जावं म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली, ते स्वतःच लिहून ठेवलंय. काटा गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट गेथशेमानेच्या बागेतली. दर वर्षी पवित्र गुरुवारी ऐकतो, पण काका गेल्यावर पहिल्यांदा ती नीट कानात शिरली. उद्या मरण आहे हे येशूला माहीत आहे. तो घाबरलाय. मार्कच्या शुभवर्तमानात हे अजिबात झाकलेलं नाही. हा प्याला माझ्यापासून दूर कर, अशी तो प्रार्थना करतो, पुन्हा पुन्हा करतो. मित्र झोपलेले. आणि ती प्रार्थना नाकारली जाते. दुसऱ्या दिवशी क्रुसावर तो ओरडतो तेव्हा त्याचे शब्द 'मला का टाकलंस' असे असतात. विचार करा, ज्या धर्माच्या अगदी मध्यभागी त्याच्याच प्रभूची नाकारलेली प्रार्थना आहे, त्या धर्माच्या नावाने कोणी येऊन सांगतं की प्रार्थना ऐकली गेली नाही म्हणजे तुझ्यात खोट होती. हे कसं काय बसतं बुवा?

पुनरुत्थान आहे, मान्य. पण ते शुक्रवारला वळसा घालून येत नाही.

आता समोरच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, नाहीतर मी पण त्या प्रचारकासारखाच हवी तेवढी वचनं उचलतोय असं होईल. तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, असं येशू बारा वर्षं आजारी असलेल्या बाईला सांगतो, आंधळ्या बार्तीमयालाही सांगतो. नाझरेथला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही असंही लिहिलेलं आहे. हे सगळं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पण त्याच पुस्तकांत नाईन गावची विधवा आहे. तिचा एकुलता एक मुलगा मेलाय, ती काही मागतही नाही, विश्वासाबद्दल तिला कोणी विचारतही नाही, येशूला नुसती दया येते. लाजार चार दिवस थडग्यात होता, त्याचा विश्वास मोजायचा कसा? कफर्णहूमचा पक्षाघाताचा माणूस. त्याला चार जण छप्पर उसकटून वरून खाली सोडतात, आणि तिथे विश्वास दिसतो तो त्याला आणणाऱ्यांचा. पेशंटचं त्यावर काय म्हणणं होतं ते कुठेच आलेलं नाही.

आणि मला सगळ्यात आवडतो तो आजारी मुलाचा बाप. मुलाला झटके येतात, शिष्यांनी प्रयत्न करून झालाय, काही उपयोग नाही. बाप येशूला सरळ सांगतो की माझा विश्वास आहे, पण जिथे नाही तिथे तूच मला मदत कर. ऐंशी-वीस, साठ-चाळीस, काय असेल ते. मुलगा बरा होतो. नंतर शिष्य येशूला बाजूला घेऊन विचारतात, आम्हाला का नाही जमलं? मत्तयच्या शुभवर्तमानातलं उत्तर असं आहे, की तुमचा विश्वास कमी म्हणून. मोहरीच्या दाण्याचा दाखला तिथलाच. परत वाचा. 'कमी विश्वास' हा ठपका प्रार्थना करणाऱ्या टीमवर आहे! बापावर नाही, मुलावर नाही. हे मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, 'म्हणजे त्येंका सांगूक होया होता.'

तसं बघितलं तर 'अल्पविश्वासी' हा शब्द येशू बहुतेक वेळा आपल्या शिष्यांनाच वापरतो, आणि एकदा तर वादळात, होडीत. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. होडीत पाणी भरतंय, तो मागे झोपलाय, हे ओरडतायत. तो त्यांना रागावतो, पण वादळही शांत करतो. आधी विश्वास सिद्ध करा, मग वाऱ्याचं बघू, असं म्हणत नाही.

मग विश्वास म्हणजे आहे तरी काय? इथे मला आमच्याकडचा एक शब्द आठवतो. मराठी बायबलमध्ये 'विश्वास' हाच शब्द आहे. पण कोकणीतल्या प्रार्थनांमध्ये त्यासाठी 'भावार्थ' म्हणतात, आणि श्रद्धावान माणूस म्हणजे 'भावार्थी'. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं, कारण शाळेत भावार्थ म्हणजे कवितेखालचा पाच मार्कांचा प्रश्न. पण शब्द जुना आहे आणि आपलाच आहे. ज्ञानेश्वरीचं दुसरं नाव भावार्थदीपिका, नाथांचं रामायण ते भावार्थ रामायण. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्यांत, संतांच्या वळणाची भाषा घेऊन. ख्रिस्ती श्रद्धेसाठी 'भावार्थ' हा शब्द तो वापरतो. मला यात एक मोठी सोय दिसते. विश्वास 'बसतो' किंवा 'उडतो', तो आहे किंवा नाही. भाव मात्र कुणाविषयी तरी असतो. समोर माणूस लागतो.

मूळ ग्रीक शब्द पिस्तिस. त्यातही विधान मान्य करणं हा एक पदर आहे, पण भरवसा आणि एकनिष्ठपणा हे त्याचे मोठे पदर. हिब्रूतला एमुना आणि प्रार्थनेनंतरचं आपलं नेहमीचं 'आमेन' एकाच धातूचे, अर्थ पक्कं असणं, टिकून राहणं. आपण मित्राला 'तुझ्यावर विश्वास आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या अस्तित्वाबद्दल मत देत नसतो. याकोबाच्या पत्रात याची चांगलीच खिल्ली उडवलीय. देव आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असा त्याचा मुद्दा. म्हणजे माझ्या मित्राच्या बुलियन व्याख्येने सैतान हा पक्का आस्तिक ठरतो :)

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यावरून शतकानुशतकं भांडले, हेही सांगायला हवं. १५१७ नंतर ल्यूथरने विश्वासानेच तारण म्हटलं, रोमने कृतीही हवी म्हटलं, आणि युरोपात रक्ताचे पाट वाहिले. (कारणं इतरही पुष्कळ होती.) १९९९ साली ३१ ऑक्टोबरला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा सारांश असा की माणूस तारला जातो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या कमाईने नाही. आता विश्वास हीसुद्धा कमाई धरली, एवढा साठवला तर एवढं मिळेल अशी, तर ती मागच्या दाराने आणलेली कृतीच झाली ना. दोन्ही पक्ष ज्याला नाही म्हणतात तेच हे प्रचारक विकतात.

'पण तुमच्याकडेही नवस असतातच की, मिलाग्रीसला काय करता?' असं कोणी विचारेल. बरोबर आहे. ईस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी म्हापशाला सायबिणीचं फेस्त असतं. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण अशी लोकांची समजूत, त्यामुळे तेल आणि मेणबत्त्या घेऊन हिंदूही रांगेत, ख्रिश्चनही रांगेत. आमच्याकडून गाड्या भरून लोक जातात. आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेत काय होतं तेही मालवणच्या माणसाला सांगायला नको. शिकलेले ख्रिश्चन या सगळ्याकडे नाक मुरडतात. मला ते जमत नाही. माणूस घाबरला की मागतो, आणि मागताना काहीतरी द्यावंसंही वाटतं. यात भाव असू शकतो. पण आमच्या किनाऱ्यावरच्या साध्या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत असते, जी त्या गिटारवाल्यांना माहीत नव्हती. नारळी पौर्णिमेला सगळी मालवण दर्याला नारळ घालते. त्यानंतरही होड्या बुडतात. पण ज्याची होडी बुडाली त्याचा नारळ लहान होता, असं मालवणात कोणी म्हणत नाही. लोक त्याच्या घरी जाऊन बसतात.

अधिकृत चर्चचंही याबाबतीत म्हणणं बरंच स्पष्ट आहे, फक्त ते कोणी वाचत नाही. १४ सप्टेंबर २००० ला रोमने आजार बरे होण्यासाठीच्या प्रार्थनांवर एक सूचनापत्र काढलं. प्रार्थना जरूर करा, पण त्यामुळे औषधोपचार टाळायचे नाहीत, उन्माद आणि नाटकीपणा चालणार नाही, असं त्यात आहे. कितीही उत्कट प्रार्थना केली तरी सगळे आजार बरे होत नाहीत, हे तर कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच आहे. आमच्याकडे चर्चच्या आवारात लूर्दची गुहा हमखास असते, दगडांची, वर निळ्या पट्ट्याची मारियाबाय. लूर्दला १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला दर्शन झालं. तेव्हापासून कोट्यवधी लोक तिथे जाऊन आले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या थोड्याच वर आहेत. आणि ती बर्नादेत? क्षयाने गेली, १८७९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिला चर्चने संत केलं. तिचा विश्वास कमी पडला असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा मी शाळेत होतो. त्यांनी अनेक दशकं आतून देवाची काहीच जाणीव न होता काम केलं, हे त्यातून बाहेर आलं. पेपरांत 'मदर तेरेसांना देवावर शंका' अशा थाटात छापून आलं होतं. मला आता वाटतं, विश्वास म्हणजे नक्की काय याचं ते चांगलं उदाहरण होतं. आत सामसूम, आणि तरी रोज सकाळी उठून नेमून घेतलेल्या कामाला जायचं.

पण मराठी माणसाने इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. बाईंचा विश्वासाचा प्रवास मला अनेक पाद्र्यांपेक्षा जास्त शिकवून गेला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. विद्वान शास्त्र्याचं घर, तीर्थयात्रा, व्रतं, दानधर्म, सगळं यथासांग करून उपाशी मेलेलं. देवाशी व्यवहार केला आणि तो फसला तर काय होतं, ते त्यांनी पोटाने अनुभवलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठवासिनींनी सांगितलं ते निमूट मान्य करायला तयार झाल्या नाहीत. त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून लांबलचक पत्रांतून वाद घातला. आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणाचा हक्क नाही, हा त्यांचा आग्रह. म्हणजे बाप्तिस्मा झालेली बाई आणि शंका चालूच! पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, तो नंतर भेटला. पुढच्या दुष्काळात, १८९६-९७ मध्ये, त्यांनी मध्य भारतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणल्या. मुक्ती सदन उभं राहिलं. दळण, विणकाम, छापखाना, शेती. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं.

आणि २४ जुलै १९२१ ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. वय चाळीस. केडगावची सगळी मदार तिच्यावर होती. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? त्या भाषांतर पुरं करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्या प्रचारकाने केडगावला जाऊन रमाबाईंना सांगून बघावं, की बाई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला.

आमच्या जिल्ह्यातलंच सांगायचं तर वेंगुर्ला घ्या. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या लोकांनी तिथे दवाखाना चालवला, सेंट ल्यूक्स. (तिथल्या मिशनरी डॉक्टर गोहीन यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष झाला. वेंगुर्लेकरांनी हे अजून जास्त मिरवलं पाहिजे.) त्याच मिशनचे डॉ. वॉनलेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल १८९४ चं. मिरजेला नेलं म्हणजे शेवटचा उपाय केला, असं कोकणात पिढ्यान्‌पिढ्या म्हणायचे. हे लोक प्रार्थना करत नव्हते असं नाही. भरपूर करत. प्रार्थना करून उठायचे आणि सुरी उकळायला ठेवायचे. त्यांचे धर्मांतराबद्दलचे हेतू, त्या काळातली मिशन, सरकार आणि सत्ता यांची गुंतागुंत, यावर वाद आहेत आणि ते व्हावेत. पण पेशंट दगावला तर त्याच्या बायकोचा विश्वास तपासत बसण्यापेक्षा ते पुढच्या वेळी काय सुधारता येईल ते बघत. मला हा विश्वास समजतो.

एक शेवटचा मुद्दा, तो मला अलीकडेच कळला. दर रविवारी आम्ही जो विश्वासाचा अंगीकार म्हणतो त्याचा पाया ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेत घातला गेला, २०२५ मध्ये त्याला सतराशे वर्षं झाली. त्याच्या मूळ ग्रीक मजकुरात क्रियापद अनेकवचनी आहे. 'मी' नाही, 'आम्ही'. लॅटिनमध्ये येताना त्याचं 'मी' झालं. व्याकरणातला एवढासा फरक, पण छप्पर उसकटणाऱ्या त्या चौघांची गोष्ट मला त्यामुळे जास्त लागली. एखाद्याला काही दिवस, काही वर्षं म्हणता येत नसेल, तोंड उघडत नसेल, तर बाकीचे म्हणतात आणि त्याचं त्यात धरलं जातं.

काका गेले त्या वर्षी मावशीने तेर्स सोडला होता. मिस्साला यायची, पण अंगीकाराच्या वेळी नुसती उभी राहायची. फादरना हे दिसत होतं, ते काही बोलले नाहीत. मे महिन्यात खुरसाकडच्या लादिनीची पाळी तिच्या घराची होती. ती म्हणाली, मला जमायचं नाही. तर शेजाऱ्यांनीच खुरसाला चुना काढला, झेंडूच्या माळा घातल्या, पेटी आणि व्हायोलिनवाले बोलावले. वाडीतले परब आणि मेस्त्रीही नेहमीसारखे येऊन मागच्या रांगेत उभे राहिले. लॅटिनमधली लादीन, अर्थ निम्म्यांना कळत नाही, पण प्रत्येक नावानंतरचं पालुपद सगळ्यांना पाठ. मावशी पायरीवर बसून होती. मध्येच कधीतरी उठून आत गेली, मला वाटलं रडायला गेली असेल. तर ती टोप घेऊन बाहेर आली. उकडलेले चणे सकाळीच करून ठेवले होते तिने, खोबरं घालून.